चाळीस पावलांची मासोळी

काकूंनी स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर एक मासोळी ठेवली, कपाळावरचा चष्मा नाकावर आणला आणि आकडा वाचला. मग ती उचलून दुसरी ठेवली. मग तिसरी. तिन्ही मासोळ्या बोटाच्या दोन पेरांएवढ्या, प्लॅस्टिकच्या, आणि तिघींचे डोळे असे वटारलेले, की आपले वजन असे चारचौघांत केलेले त्यांना मुळीच आवडलेले नसावे.

काका चहाचा कप घेऊन आत आले आणि दारातच थबकले.

"ह्या तळायच्यात की उकडायच्यात?"

"फेकायच्यात."

"मग आणल्यास कशाला?"

"तसं फेकायचं नाही हो! लांब फेकायच्यात. पाण्यावर."

काका वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. समोर काटा वापरला जात असताना गप्प राहणे त्यांना आयुष्यात कधी जमले नव्हते. त्यांनी कप बाजूला ठेवला आणि वाकून पाहिले.

"आधी हा शून्यावर आण. रिकामा असतानाच पाव ग्रॅम दाखवतोय. म्हणजे जिन्नस पाव ग्रॅम कमी पडतो. तरीच म्हटलं, जेवण अळणी का लागतं!"

"ते डॉक्टरांनी तुमचं मीठ कमी केलंय म्हणून. आता बाजूला व्हा, मला निवड करायची आहे. आणि ती चुकून चालणार नाही."

ह्या सगळ्याच्या मुळाशी काकूंचा उजवा खांदा होता.

काकू बायकांचे कपडे शिवत. चाळीस वर्षे त्यांच्या कात्रीने कधी दम खाल्ला नव्हता. गेल्या वर्षी एका सकाळी वरच्या फळीवरचा रिळांचा डबा काढायला त्यांनी हात वर केला, तो अर्ध्यात गेला आणि तिथेच थांबला. पुढे जाईना, मागे येताना बोंब मारायला लावी. टेप गळ्यात टाकता येईना, केस विंचरता येईनात. वेणी काका घालू लागले. त्या प्रकाराला काकू वेणी म्हणत, हा त्यांच्या मनाचा मोठेपणा. शिलाई मशीनवर आधी आच्छादन आले, मग आच्छादनावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा आला आणि एके दिवशी गठ्ठ्याच्या जागी कुंडी आली. कुंडी आली त्या दिवशी काकू न्हाणीघराचे दार लावून बराच वेळ रडल्या.

मग कोणीतरी खांदेवाल्या डॉक्टरांचे नाव सुचवले. ते फिजिओथेरपिस्ट होते, पण एवढा लांब शब्द गल्लीत कोणी वापरत नसे. "ते खांदा देणारे नव्हेत, खांदा परत देणारे," असे काका पाहुण्यांना समजावून सांगत. तिशीतला शांत माणूस. पाच महिने त्यांनी काकूंचा हात धरून तो बोटाबोटाने वर नेला. एकदाही चिडले नाहीत, एकदाही घड्याळाकडे पाहिले नाही. काकू कळवळल्या की ते थांबत आणि माशांच्या गोष्टी सांगू लागत. गोष्टीच्या नादात काकूंचा हात आपला आपण दोन बोटे वर सरके.

शेवटच्या दिवशी काकूंनी घरी येऊन रिळांचा डबा फळीवरून उतरवला. परत ठेवला. पुन्हा उतरवला. असे सहा वेळा केल्यावर त्या तशाच चपला घालून डॉक्टरांचे आभार मानायला धावल्या. वाटेत भाषणही जुळवले होते. पण पहिल्याच वाक्याला डॉक्टर कानापर्यंत लाल झाले.

"काकू, खांदा तुमचा, मेहनत तुमची. मी नुसता मोजत होतो. पुढचे पेशंट कोण आहेत?"

काकू भाषण घेऊन परत आल्या. आलेली शिंक अडकावी तसे ते आभार त्यांच्या छातीत अडकून बसले. पुढचे आठ दिवस त्या धड जेवल्या नाहीत. नवव्या दिवशी त्यांना माशांच्या गोष्टी आठवल्या.

डॉक्टर दर रविवारी सकाळी गावाबाहेरच्या तळ्यावर गळ टाकायला जात आणि दर रविवारी हात हलवत परत येत. त्या तळ्यातले मासे किडे खायला वर येत, पण काठापासून बरोबर चाळीस पावलांवर. "त्यांचं तोंड लहान, काकू," डॉक्टर म्हणाले होते. "बोटाएवढीच नकली मासोळी घेतात. आणि बोटाएवढी मासोळी माझी पंचविसाच्या पुढं जात नाही. मोठी टाकली तर पाण्यात असा धबाका होतो, की पलीकडच्या काठावरची म्हैस उठून बसते. लहान हवी, वर तरंगणारी हवी आणि लांब जाणारी हवी. तिन्ही गुण एकीत नसतात."

काकूंनी मुलीसाठी तीन वर्षे स्थळे पाहिली होती. तिन्ही गुण एकात मिळणे अवघड असले तरी अशक्य नसते, असे त्या जावयाकडे पाहून, काकांकडे न पाहता, म्हणू शकत होत्या.

तर ती मासोळी शोधून डॉक्टरांच्या हातात ठेवायची, असे त्यांनी ठरवले. भाषण करायचे नाही. नुसती ठेवायची.

गळांचे दुकान सायकलच्या दुकानाला लागून होते. आत भिंतभर काठ्या, जाळ्या आणि काचेच्या कपाटात शेकडो रंगीत मासोळ्या. मालक जाडजूड, हळू बोलणारा माणूस होता. काकूंना पाहून त्याला आधी वाटले, सायकलचे दुकान चुकले.

"कुठला मासा धरायचाय?" त्याने विचारले.

"डॉक्टरांचा."

काकूंनी मग सगळे सांगितले: लहान तोंड, चाळीस पावले, म्हैस. मालकाचा चेहरा उजळला. त्याने काचेचे कपाट उघडले आणि तीन मासोळ्या काउंटरवर मांडल्या.

"हिचं तोंड बघा, वासलेलं. पाण्यात ओढली की बुडुक बुडुक करते. माशाला बोलावणं धाडण्यात हिचा हात कोणी धरणार नाही. पण हवेत तेच तोंड वारा खातं."

"म्हणजे गळा फार मोठा कापलाय," काकू म्हणाल्या.

"असंच काहीतरी. ही दुसरी, शेपटीला पंखा आहे. फिरते छान. पण पंखा हवेतही फिरतो, मग ही भोवऱ्यासारखी गरगरत जाते. आणि ही तिसरी. सडपातळ. झालर नाही, पंखा नाही. बघितलं तर काडी."

काकूंनी ती कानाशी धरून हलवली. आत काहीतरी खुळखुळले.

"फुटलीय का ही?"

"छर्रा आहे पोटात. फेकताना तो शेपटीकडे सरकतो, की ही शेपटी पुढं करून बाणासारखी जाते. पाण्यात पडली की छर्रा मधे येतो आणि ही आडवी होऊन तरंगते. एकच उरलीय. गिऱ्हाइकाला ही साधी वाटते. सगळ्यांना पंखा हवा असतो."

"यातली चाळीस पावलं कुठली जाईल?"

"बाई, ते दोऱ्यावर, काठीवर आणि हातावर. बारीक दोरा हवा, जरा लवचीक काठी हवी. खरं सांगू? स्वतः फेकून बघितल्याशिवाय कळत नाही." त्याने मागे वळून भिंतीवरची एक वापरून गुळगुळीत झालेली काठी काढली. "ही माझी स्वतःची. संध्याकाळपर्यंत आणून द्या. तिन्ही मासोळ्या घेऊन जा, नको त्या परत करा. फक्त मोकळ्या मैदानात फेका. आणि गळ काढून फेका."

अनोळखी माणसाने आपली काठी अशी हातात द्यावी, ह्याने काकू इतक्या भारावल्या, की शेवटची दोन वाक्ये त्यांनी ऐकली खरी, पण अर्धीमुर्धीच ठेवून घेतली.

आणि आता मासोळ्या काट्यावर होत्या.

"गळ काढू या," काकूंनी आठवून म्हटले. प्रत्येक मासोळीच्या पोटाशी तीन टोकांचा एक बारीक गळ लोंबत होता.

"गळ काढलेस तर वजन घटेल," काका म्हणाले. "मग चाचणी खोटी. माल जसा वापरणार तसाच तपासायचा असतो."

"टोचेल की कोणाला!"

काकांनी टेबलाच्या खणातून खोडरबर काढले, त्याचे नऊ बारीक तुकडे केले आणि प्रत्येक टोकावर एकेक खोचला. सुरक्षितताही झाली आणि वजनही राहिले. स्वतःवर खूश होऊन त्यांनी चहाचा उरलेला घोट घेतला.

मैदानात मोटार शिकवणाऱ्यांच्या दोन गाड्या मागे जायला शिकत होत्या. तिथे उभे राहण्यात मासोळीपेक्षा जास्त धोका होता. म्हणून दोघे इमारतीच्या गच्चीवर गेले. काका टेप आणि वही घेऊन उभे राहिले.

पहिली, वासलेल्या तोंडाची मासोळी अकरा पावले गेली आणि पाण्याच्या टाकीवर टणकन आपटली. खालून कोणीतरी "कोण आहे?" म्हणून दार उघडले. दुसरी, पंखेवाली, गरगरत निघाली, अर्ध्या वाटेत तिचे मन बदलले आणि ती परत येऊन काकांच्या वहीवर बसली.

"उणे दोन," काकांनी लिहिले.

काकूंनी तिसरी बांधली. काठी उचलली, हात डोक्यावरून मागे नेला आणि त्या थांबल्या. हात पार मागे गेला होता आणि काहीही दुखले नव्हते. खांदा तेल घातलेल्या बिजागरीसारखा फिरला होता. काकूंना एकदम भरून आले. त्या भरात त्यांनी पाच महिन्यांचे सगळे बळ एकवटून काठी पुढे झटकली.

मासोळी सूंऽऽ करत गेली. खोडरबराचे तीन तुकडे काकांच्या टकलावर टप टप टप पडले.

"वीस... तीस... अगं, कठडा संपला! गल्लीवरची पावलं कशी मोजू?"

मासोळीला कोणी मोजावे अशी अपेक्षा नव्हती. ती गल्ली ओलांडून समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, उघड्या खिडकीत शिरली.

ती खिडकी फोटोग्राफरच्या स्टुडिओची होती. ओळखपत्राच्या फोटोसाठी गिऱ्हाइकांना घालायला त्याने एक काळा कोट ठेवला होता. निम्म्या गावाचे फोटो त्याच कोटात होते. जाड माणसांना तो पाठीमागे उघडा ठेवून घातला जाई आणि बारीक माणसांना चिमटे लावून. आज त्याने तो हवा लागावी म्हणून हँगरसकट खिडकीत टांगला होता.

"अडकलं," काकू म्हणाल्या.

"ओढून बघ."

काकूंनी कठड्यापाशी जाऊन काठी गल्लीवर धरली आणि तिच्यावरचे रीळ फिरवले. खिडकीतून आधी एक बाही बाहेर आली, मग कॉलर, आणि मग सगळा कोट खांदे ताठ ठेवून, एखादा साहेब कचेरीतून निघावा तसा हवेत पाऊल टाकता झाला. भराभर तो गल्लीच्या मध्यावर, काठीच्या टोकाखाली आला. तिथे रिळात दोऱ्याचा गुंता झाला आणि कोट तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर थांबला.

दोरा इतका बारीक होता की खालून दिसणे शक्यच नव्हते. आणि ऊन डोळ्यांवर होते.

"माणूस!" गल्लीत कोणीतरी ओरडले. "माणूस लटकलाय!"

"कशाला लटकलाय? कशालाच लटकलेला दिसत नाही!"

"अहो बंब बोलवा, बंब!"

वाऱ्याने कोटाची बाही हलली. "मदत मागतोय!" असा एकच गिल्ला झाला. कोणी "धीर धरा!" म्हणून ओरडले, कोणी "खाली बघू नका!" म्हणून. दोघांनी एक चादर आणून चारी कोपरे धरायला माणसे गोळा केली. तेवढ्यात काठी टेकत चाललेल्या एका आजीबाईंनी वर पाहिले आणि विचारले, "पण ह्याचं डोकं कुठाय?"

चादर धरलेल्या चौघांपैकी एकाने आपला कोपरा सोडला.

इकडे तिसऱ्या मजल्यावर फोटोग्राफर खिडकीत आला होता आणि त्याच्या मागे टाय बांधून बसलेले गिऱ्हाईक डोकावत होते. "माझा कोट!" तो किंचाळला. "माझा कोट कोणी ओढला?"

"मी!" काकू गच्चीवरून ओरडल्या. "चुकून हो! परत पाठवते!"

पण पाठवणार कसा? काठी सोडली तर कोट लोकांच्या अंगावर पडणार, आणि त्यांना वाटणार माणूसच पडला. म्हणून काकू काठी दोन्ही हातांनी घट्ट धरून उभ्या राहिल्या. काका गुंता सोडवत होते. ते गुंता सोडवत असल्यामुळे तो वाढत होता.

बंब घंटा वाजवत आला. शिडी चढली. एका जवानाने वर जाऊन कोटाला प्रथम धीर दिला, मग नीट पाहिले, मग काही न बोलता त्याला कडेवर घेऊन खाली आणले. लोकांनी सवयीने टाळ्या वाजवल्या.

पाच मिनिटांत काकूंच्या बाहेरच्या खोलीत चौघे बसले होते. काकू, काका, मांडीवर कोट घेतलेला फोटोग्राफर आणि भरघोस मिशांचे अग्निशमन अधिकारी. कोटाचे अस्तर वीतभर फाटले होते. अधिकाऱ्यांनी छापील कागद काकूंपुढे सरकवला.

"इथं घटनेचं कारण लिहा. तुमच्याच हातानं."

काकूंनी पेन घेतले, थोडा विचार केला आणि लिहिले, 'माझा खांदा बरा झाला.'

अधिकाऱ्यांनी ते दोनदा वाचले. "बाई, हे कारण होत नाही."

"हेच कारण आहे."

"वीस वर्षं बंबावर आहे मी. शॉर्ट सर्किट बघितलं, शेगडी बघितली. खांदा बरा होऊन घटना घडलेली नाही बघितली."

मग काकू बोलू लागल्या. डॉक्टरांपुढे जे भाषण पहिल्या वाक्यात अडकले होते, ते सगळेच्या सगळे अग्निशमन अधिकाऱ्यांपुढे बाहेर पडले. अर्ध्यात अडलेला हात, काकांनी घातलेल्या वेण्या, कुंडी, बोटाबोटाने वर गेलेला हात, एकदाही न चिडलेला माणूस आणि त्याचे चाळीस पावलांवरचे मासे. अधिकाऱ्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. भांडायला म्हणून आलेल्या फोटोग्राफरने तोंड पुसायला रुमाल शोधला, सापडला नाही, तेव्हा कोटाची बाही वापरली.

"त्यांनी थँक्यू ऐकूनच घेतलं नाही हो," काकू शेवटी म्हणाल्या. "मग करणार काय मी?"

काका आयुष्यात पहिल्यांदाच काही न मोजता नुसते बसून होते.

"ही मासोळी," अधिकारी घसा साफ करून म्हणाले, "पुरावा म्हणून जमा करायला पाहिजे."

काकूंचा चेहरा पडला. "एकच आहे ती. दुकानात दुसरी नाही."

अधिकाऱ्यांनी मासोळी हातात घेतली, कानाशी हलवून पाहिली आणि कागदावर सावकाश लिहिले, 'पुरावा: एक मासोळी. तपासली. परत केली.' उठताना ते म्हणाले, "यापुढे गच्चीवर फेकायची नाही. आणि त्या डॉक्टरांचा पत्ता द्या. आमच्या शिडीवाल्याचा खांदा धरलाय दोन महिने."

फोटोग्राफर मात्र उठला नाही. "गिऱ्हाईक टाय बांधून बसलंय," तो दीनवाणा म्हणाला. "ह्या कोटाचं काय करू?"

काकूंनी मशीनकडे पाहिले. शिवायला हरकत नाही, असे डॉक्टरांनी केव्हाच सांगितले होते, पण कुंडी हलवायचा धीर त्यांना झाला नव्हता. हात पुन्हा अडला तर? त्यांनी काकांकडे पाहिले. काका उठले, कुंडी उचलून खिडकीत नेऊन ठेवली आणि आच्छादन काढले. काकूंनी सुईत दोरा ओवला. सगळ्या गल्लीला ओळखू येणारा तो खडखडाट चौदा महिन्यांनी पुन्हा सुरू झाला, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या बाई धावत वर आल्या आणि दारात उभ्या राहून नुसत्या ऐकत राहिल्या. फोटोग्राफर कोट घेऊन गेला तो जाताना पाठीत थोडा सैलही करून घेऊन गेला.

संध्याकाळी काकूंनी काठी आणि दोन मासोळ्या दुकानात परत केल्या. मालकाने विचारले, "किती गेली?" काकू म्हणाल्या, "समोरच्या घरात गेली." मालकाने त्यांना नमस्कार केला.

रविवारी सकाळी काकू आणि काका तळ्यावर पोचले. डॉक्टर काठावर उभेच होते. अंगात पुष्कळ खिशांचे हिरवे जॅकेट. काकूंनी पुढे जाऊन मासोळी त्यांच्या तळहातावर ठेवली. ठरल्याप्रमाणे एक शब्द बोलल्या नाहीत.

डॉक्टरांनी ती उलटसुलट पाहिली. कानाशी हलवली आणि त्यांचे डोळे मोठे झाले. "छर्रा! काकू, ही कुठं मिळाली?"

"मिळाली," काकू म्हणाल्या. काका खोकले.

डॉक्टरांनी घाईघाईने मासोळी बांधली, पाय रोवले आणि फेकली. मासोळी पंचवीस पावलांवर पडली.

डॉक्टरांनी पुन्हा फेकली. सव्वीस. पुन्हा फेकली. पंचवीस. दूर चाळीस पावलांवर मासे टपाक टपाक वर येत होते आणि त्यांना काठावरच्या घडामोडींशी काही देणेघेणे नव्हते.

"छानच आहे पण," डॉक्टर हसून म्हणाले. "पडताना आवाज अजिबात करत नाही. मला तर फार आवडली."

ते खोटे बोलत होते आणि ते त्यांना मुळीच जमत नव्हते. एवढे दुकान, गच्ची, बंब, आणि शेवटी पंचवीस! गच्चीवरून ती गेली ती काय नुसत्या उंचीमुळे? त्या मटकन एका दगडावर बसल्या आणि डॉक्टरांनी चौथ्यांदा हात वर केला तेव्हा खिन्नपणे त्यांच्याकडे पाहू लागल्या.

पाहता पाहता त्या सरळ झाल्या.

डॉक्टरांचा हात वर जाताच जॅकेटचा घेर कमरेपासून बरगड्यांपर्यंत वर चढत होता आणि हात कानापाशी आला की थबकत होता. मुंढा! बाही जोडतात तो मुंढा चांगला दोन बोटे तंग होता. हे जॅकेट कोणा अरुंद छातीच्या माणसाच्या मापाने बेतले होते. गावातल्या प्रत्येकाचा खांदा कुठे अडतो ते ओळखणाऱ्या माणसाला आपला खांदा जॅकेटात अडतो आहे, हे दोन वर्षांत कळले नव्हते.

"डॉक्टर," काकू हलकेच म्हणाल्या, "जॅकेट काढून टाकून बघता का?"

"नको, काकू." डॉक्टरांनी छातीवरचा एक खिसा कुरवाळला. "बहिणीनं पहिल्या पगारातून पाठवलंय. माप न घेता, अंदाजानं आणलं तरी बघा ना, कसं बरोबर बसलं! हे घातल्याशिवाय मी तळ्यावर येतच नाही."

काकूंनी तोंड उघडले होते ते मिटले. आणि मग पर्स उघडली.

"बगलेत शिवण उसवल्यासारखी दिसतेय. असेच उभे राहा, दोन टाके घालून देते. हात जरा वर. हं."

त्यांनी छोटी कात्री काढली आणि डॉक्टर तळ्याकडे तोंड करून उभे असताना धडधाकट शिवण कचकच कापली. आधी उजवीकडे चार बोटे, मग पुढेमागे वाकताना ओढ बसू नये म्हणून डावीकडेही. काका हे सगळे पाहत होते. ते बोलणार, एवढ्यात काकूंनी त्यांच्याकडे असे पाहिले, की ते घाईने पाण्याचे निरीक्षण करू लागले. पुढच्या रविवारी घरी नेऊन आत जास्तीच्या कापडाची कळी जोडून द्यायची, कोणाला कळणारही नाही, असा काकूंनी मनाशी बेत केला आणि धागे झटकून टाकले.

"झालं. आता टाका."

डॉक्टरांनी हात वर केला. तो कान ओलांडून पार मागे गेला आणि तिथून सुटला. मासोळी सूंऽऽ करत निघाली, पंचवीस पावले मागे टाकून पुढे जात राहिली आणि जिथे पाणी टपाक टपाक वाजत होते, तिथे पाखराच्या पिसासारखी उतरली.

"बेचाळीस," काका पुटपुटले. तळ्यावर टेप नव्हती, पण त्यांच्या आकड्यावर शंका घ्यायचे कारण नव्हते.

डॉक्टरांनी दोरा दोन हात ओढला. पाणी फुटले, काठी वाकली आणि त्यानंतरची पाच मिनिटे तिघेही एकाच वेळी ओरडत होते. "सैल सोडा!" काका ओरडत होते. "धरून ठेवा!" काकू ओरडत होत्या. डॉक्टर नुसतेच "अरे! अरे! अरे!" म्हणत होते. शेवटी तळहाताएवढा चंदेरी मासा काठाला आला. डॉक्टरांनी हात ओले करून तो उचलला, गळ सोडवला, डोळे भरून पाहिला आणि पुन्हा पाण्यात सोडून दिला.

मग ते काकूंकडे वळले. त्यांचे ओठ हलले, पण शब्द फुटेना. काकू काही मधे बोलल्या नाहीत, घाई केली नाही. आभार बाहेर यायला वेळ लागतो, हे त्यांना आता ठाऊक होते.

"काकू," डॉक्टर अखेर म्हणाले, "दोन वर्षं मी ह्या एका क्षणासाठी इथं येतोय. तुम्ही माझ्यासाठी दुकानं धुंडाळलीत, एवढी बारीक निवड केलीत... आणि कमाल आहे ह्या मासोळीची! सगळं हिच्यातच होतं बघा. मला फक्त तिचा अंदाज यायला चार फेका लागल्या."

"लागतातच," काकू म्हणाल्या. "पोटात छर्रा असतो ना. तो रुळायला वेळ घेतो."

काका तळ्याकडे तोंड करून खांदे हलवत होते. डॉक्टरांनी काळजीने त्यांच्याकडे एकदा पाहिले, पुन्हा काठी उचलली, हात उंच मागे नेला आणि तसेच थांबले.

"काकू, टाके घातलेत ना नीट? काखेत गार वारा लागतोय."

"नव्या शिवणीला लागतो थोडे दिवस," काकू म्हणाल्या आणि पर्सची चेन लावली. "तुम्ही टाका."